वीस डॉलरमध्ये सापडलेले गव्हर्नरसाहेब

‘माझ्याकडे लपवण्यासारखं आहे काय?’ फोनमधल्या माहितीचा विषय निघाला की हे वाक्य हमखास येतं. साधी, सरळ माणसं ते मनापासून म्हणतात. पण लपवण्यासारखं काही नसलं तरी जपण्यासारखं भरपूर असतं. मुलीची शाळा सुटायची वेळ, आईला चालू असलेली औषधं, पगाराची तारीख, घराला कुलूप असतं ते वार. ही माहिती एकगठ्ठा कुणी मागत नाही. इथे जन्मतारीख, तिथे मोबाइल नंबर, अशी ती तुकड्यातुकड्याने जाते आणि कुठेतरी बसून कुणीतरी ते तुकडे जुळवतो. अगदी थोड्या तुकड्यांतून अख्खा माणूस कसा उभा राहतो, त्याच्या या खऱ्या गोष्टी. जाता जाता, स्वतःला वाचवायच्या काही सोप्या युक्त्याही.

नाव खोडलं, माणूस उरला

१९९०च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात सरकारी कर्मचाऱ्यांच्या दवाखान्याच्या नोंदी संशोधकांना दिल्या गेल्या. नावं आणि पत्ते खोडलेले होते. कुणाचीही ओळख उघड होणार नाही, अशी ग्वाही खुद्द गव्हर्नर विल्यम वेल्ड यांनी दिली. लटान्या स्वीनी तेव्हा एमआयटीत शिकत होत्या. त्यांनी वीस डॉलर मोजून केंब्रिज शहराची मतदारयादी विकत घेतली, कारण गव्हर्नर त्याच शहरात राहत. गव्हर्नरांची जन्मतारीख असलेले मतदार निघाले सहा. त्यातले पुरुष तीन. त्यातला त्यांच्या पिनकोडात राहणारा एकच! मग दवाखान्याच्या नोंदींतली त्यांची ओळ शोधायला कितीसा वेळ लागणार? स्वीनींनी गव्हर्नरांचे आजार आणि औषधं यांचा कागद त्यांच्याच कार्यालयात पाठवून दिला.

पुढे २००० साली त्यांनी हिशेब मांडला की जन्मतारीख, पिनकोड आणि स्त्री की पुरुष, एवढ्या तीन गोष्टी कळल्या तर अमेरिकेतली ८७ टक्के माणसं नेमकी ओळखता येऊ शकतात.

आपल्याकडे एका पिनकोडात कितीतरी जास्त माणसं राहतात, तेव्हा हा आकडा जसाच्या तसा इथे लागू होणार नाही. पण आपण जन्मतारखेची फारशी राखणही करत नाही. वाढदिवसाचे फ्लेक्स चौकाचौकांत फोटोसकट लागतात, सोसायटीच्या ग्रुपवर शुभेच्छांचा पूर येतो. आणि बँकेच्या फोनवर ओळख पटवायला पहिल्यांदा विचारतात ती जन्मतारीखच. अनेक बँका आणि विमा कंपन्या ईमेलने जे स्टेटमेंट पाठवतात, त्याचा पासवर्डही जन्मतारखेवरूनच बनतो. शुभेच्छा जरूर घ्याव्यात, फक्त समाजमाध्यमांवरच्या प्रोफाइलमधून जन्मसाल तेवढं काढून टाकावं.

चार ठिपके पुरतात

फोन बंद करून खिशात असला तर गोष्ट वेगळी. चालू असला की तो जवळच्या टॉवरशी बोलत राहतो, नाहीतर आलेला कॉल कुणाकडे वळवायचा हे कंपनीला कळणार कसं? २०१३ साली ईव्ह-अलेक्झांडर द माँज्वा आणि सहकाऱ्यांनी युरोपातल्या एका देशातल्या १५ लाख मोबाइलधारकांच्या १५ महिन्यांच्या नोंदी तपासल्या. नाव नाही, नंबर नाही; अमुक वेळी अमुक टॉवरपाशी, एवढंच. त्यांना आढळलं की एखादी व्यक्ती कधी कुठे होती याचे फक्त चार ठिपके हाती आले, तर १५ लाखांतून ९५ टक्के माणसं वेगळी काढता येतात.

कारण उघड आहे. सकाळी सातला तुमच्या इमारतीपाशी हजारो फोन असतील. दहा वाजता तुमच्या कचेरीपाशीही हजारो असतील. पण दोन्हीकडे असणारे मोजकेच, त्यातून संध्याकाळी तुमच्या मुलीच्या क्लासबाहेर थांबणारे एखाददोन, आणि रविवारी तुमच्या मामाच्या गावी जाणारे फक्त तुम्ही.

हे डोळ्यांनी दिसावं म्हणून जर्मनीतले ग्रीन पक्षाचे नेते माल्टे श्पिट्स यांनी आपल्या मोबाइल कंपनीकडून स्वतःच्याच सहा महिन्यांच्या नोंदी मागवल्या. कंपनी सहजासहजी देईना, तेव्हा कायद्याचा आधार घ्यावा लागला. हाती आल्या ३५,८३० नोंदी! ‘त्साइट ऑनलाइन’ने २०११ मध्ये त्या नकाशावर मांडल्या. श्पिट्स कुठल्या रेल्वेने गेले, कधी झोपले, कुठल्या गावात किती वेळ थांबले, सगळं चित्रपटासारखं सरकत जाताना जगाने पाहिलं. आपली खासगी माहिती त्यांनी स्वतःहून उघडी केली, ती सगळ्यांना हा धोका कळावा म्हणून. माझ्या मते या विषयातलं हे सर्वांत धाडसी काम आहे.

व्यायाम सैनिकांचा, नकाशा जगाचा

स्ट्राव्हा हे धावपटूंचं आवडतं अ‍ॅप. नोव्हेंबर २०१७ मध्ये कंपनीने जगभरच्या धावण्या-सायकलिंगच्या वाटा उजळून दाखवणारा नकाशा प्रसिद्ध केला. नाव कुणाचंच नव्हतं. जानेवारी २०१८ मध्ये नेथन रूझर या ऑस्ट्रेलियन विद्यार्थ्याच्या लक्षात आलं की सीरिया आणि अफगाणिस्तानच्या अंधाऱ्या वाळवंटात काही चौकोन लख्ख चमकताहेत. ते लष्करी तळ होते. जवान सकाळी तळाभोवती पळत होते आणि मनगटावरचं घड्याळ ती वाट आखत होतं. धडा मिळाला असं वाटेल, पण २०२४ मध्ये ‘ल मोंद’ या फ्रेंच दैनिकाने याच अ‍ॅपवरून मोठमोठ्या राष्ट्रप्रमुखांच्या अंगरक्षकांचा माग काढून दाखवला. अंगरक्षक ज्या हॉटेलाभोवती धावला, साहेब तिथेच मुक्कामाला!

असली अ‍ॅप वापरत असाल तर घराभोवतीचा भाग झाकायची सोय सेटिंगमध्ये असते. बहुतेकांची रोजची फेरी घराच्या दारातच सुरू होते आणि तिथेच संपते, म्हणून ही सोय आधी चालू करा.

तीनशे पस्तीस जणांचे साडेपाच लाख

केंब्रिज अ‍ॅनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीच्या प्रकरणात जगभरातल्या ८ कोटी ७० लाख लोकांची फेसबुकवरची माहिती हातोहात गेली असावी, असं फेसबुकनेच २०१८ मध्ये सांगितलं. त्यातला भारताचा हिशेब पाहा. ज्या प्रश्नमंजूषेच्या अ‍ॅपमधून हे झालं, ते भारतात घेतलं होतं अवघ्या ३३५ जणांनी. माहिती गेली असण्याची शक्यता ५,६२,४५५ जणांची! बाकीच्यांनी ते अ‍ॅप कधी पाहिलंही नव्हतं. त्यांचा कुणी मित्र गंमत म्हणून प्रश्न सोडवून मोकळा झाला होता.

म्हणूनच ‘तुम्ही मागच्या जन्मी कोण होतात’ छापाच्या खेळांना मी हात लावत नाही, आणि घरच्यांनाही लावू देत नाही. कुठल्याही अ‍ॅपने फोनमधली संपर्कयादी मागितली की आठवावं, त्या यादीत काकूंचा, डॉक्टरांचा, शाळेच्या बाईंचा नंबर आहे. आपण होकार देतो तो त्यांच्या वतीनेही, आणि त्यांना तर कुणी विचारलेलंच नसतं.

‘आय अ‍ॅग्री’वर विकलेले आत्मे

१ एप्रिल २०१० रोजी गेमस्टेशन या ब्रिटिश दुकानाने ऑनलाइन खरेदीच्या अटींत एक कलम घुसवलं : ग्राहक आपला अमर आत्मा कंपनीच्या हवाली करत आहे. सुमारे साडेसात हजार ग्राहकांनी निमूट होकार दिला. २०१४ मध्ये लंडनमध्ये एका सुरक्षा-कंपनीने केलेल्या प्रयोगात फुकट वायफायच्या बदल्यात आपलं पहिलं अपत्य देण्याची अट सहा जणांनी मान्य केली. २०१७ मध्ये पर्पल या वायफाय कंपनीने अटींत लिहिलं की ग्राहकाने एक हजार तास समाजसेवा करावी, त्यात सार्वजनिक संडास धुणंही आलं. दोन आठवड्यांत २२ हजार लोक कबूल! ती अट वाचून शंका काढणारा निघाला एकच.

यात लोकांचा दोष मला फारसा दिसत नाही. २००८ साली अलीसिया मॅकडोनाल्ड आणि लॉरी क्रेनर यांनी गणित केलं की वर्षभरात ज्या ज्या संकेतस्थळांवर माणूस जातो, त्या सगळ्यांची गोपनीयता-धोरणं वाचायची म्हटली तर दोनशेहून अधिक तास लागतील. नोकरी, संसार, पोराबाळांचा अभ्यास सांभाळून हे वाचणार कोण? आणि वाचलं तरी ‘मला हे एवढं कलम नको’ म्हणायची सोय कुठे असते? अटी लांबलचक ठेवणं हाच मुळात अन्याय आहे.

सरळ, एका ओळीत विचारलं की लोक काय करतात, तेही पाहायला मिळालं. एप्रिल २०२१ मध्ये अ‍ॅपलने आयफोनवर प्रत्येक अ‍ॅपला विचारायला लावलं : या अ‍ॅपने इतर अ‍ॅपमध्ये तुमचा माग काढावा का? लोकांनी इतक्या मोठ्या संख्येने नको म्हटलं की फेसबुकची मालक असलेल्या मेटाने २०२२ सालचं आपलं नुकसान सुमारे १० अब्ज डॉलरचं असेल, असं सांगितलं.

बॅटरी, बाहुली आणि टीव्ही

फोनमध्ये टॉर्च वेगळी डाउनलोड करावी लागायची, ते दिवस आठवतात? तेव्हा ‘ब्राइटेस्ट फ्लॅशलाइट’ हे अ‍ॅप कोट्यवधी लोकांनी घेतलं होतं. उजेड पाडता पाडता ते फोनचं ठिकाण आणि ओळखक्रमांक जाहिरातवाल्यांना पाठवत होतं, तेही अटींवर होकार-नकार द्यायच्या आधीपासूनच. अमेरिकेच्या ग्राहकहित पाहणाऱ्या आयोगाने २०१३ मध्ये त्याला चाप लावला.

२०१७ मध्ये त्याच आयोगाने व्हिझिओ कंपनीला २२ लाख डॉलरचा भुर्दंड बसवला. तिचे १ कोटी १० लाख टीव्ही संच घरात काय पाहिलं जातंय, ते क्षणाक्षणाला टिपत होते. त्याच वर्षी जर्मनीने ‘माय फ्रेंड केला’ नावाच्या बोलक्या बाहुलीवर बंदी घातली, कारण तिच्यातला माइक बाहेरच्या कुणालाही वापरता येण्याजोगा होता. छुपं हेरगिरीचं साधन म्हणून ती नष्ट करा, असं पालकांना सांगण्यात आलं.

आता फोन थोडं सांगतो तरी. आयफोनवर २०२० पासून आणि अँड्रॉइडवर २०२१ पासून, कॅमेरा किंवा माइक चालू असला की पडद्याच्या वरच्या कडेला लहानसा ठिपका उगवतो. गाणी ऐकताना किंवा हिशेबाच्या अ‍ॅपमध्ये तो दिसला, तर लगेच परवानग्या तपासा. ‘फक्त या वेळेपुरती’ परवानगी द्यायची सोयही आहे. रिक्षा बोलावताना तेवढी पुरते.

टेंभलीपासून सुरू झालेला क्रमांक

देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी दिला गेला तो आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात. तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग त्यासाठी गावात आले होते. या बारा आकड्यांत एक सुंदर गणित दडलंय. शेवटचा आकडा स्वतंत्र नसतो, तो आधीच्या अकरांवरून ठरतो. याकोबस व्हर्हूफ या डच गणितज्ञाने १९६९ साली ही रीत मांडली. एखादा आकडा चुकला किंवा शेजारचे दोन उलटसुलट झाले, तर यंत्र तिथल्या तिथे ओळखतं. शिवाय हा क्रमांक शून्याने किंवा एकने कधीच सुरू होत नाही.

जुलै २०१८ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायचे तेव्हाचे अध्यक्ष आर. एस. शर्मा यांनी ट्विटरवर आपला आधार क्रमांक टाकला आणि आव्हान दिलं, काय नुकसान करायचं ते करून दाखवा. काही तासांत लोकांनी त्यांचा मोबाइल नंबर, पॅन, पत्ता असं बरंच काही मांडलं. कुणी त्यांच्या खात्यात १ रुपया जमा केल्याचे पुरावे टाकले. आधार प्राधिकरणाने सांगितलं की आपल्या यंत्रणेतून काहीच फुटलेलं नाही, ही माहिती आधीपासूनच इंटरनेटवर उघडी होती. मला या प्रकरणात हीच गोष्ट महत्त्वाची वाटते. कुलूप फोडावंच लागलं नाही.

आपला आधार जातो तो झेरॉक्सच्या दुकानातून. दुकानदाराच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आपण पीडीएफ टाकतो, दोन प्रती घेतो आणि निघतो. फाइल तिथल्या संगणकावर राहते. प्रिंट निघाल्यावर ती पुसायला सांगण्यात संकोच कसला? चांगले दुकानदार आनंदाने पुसतात. त्याहून बरं म्हणजे ‘मास्क्ड आधार’ वापरणं. त्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात, आणि तो प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून फुकट मिळतो. खऱ्या क्रमांकाऐवजी देता येणारा सोळा आकडी व्हर्च्युअल आयडीही आहे, आणि हवा तेव्हा तो बदलताही येतो. बोटांचे ठसे ‘लॉक’ करून ठेवायची सोयही तिथेच. प्रतीवर कशासाठी दिली ते आणि तारीख पेनाने लिहिण्याची सवय तर आजच लावून घ्यावी.

बिलाला नंबर कशाला?

‘मोबाइल नंबर सांगा’ म्हटल्याशिवाय मॉलमधल्या काउंटरवर हल्ली बिल पुढे सरकत नाही. मागे रांग असते आणि आपण दहा आकडे मोठ्याने म्हणून दाखवतो, म्हणजे रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जातील असे. मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने स्पष्ट केलं की बिलासाठी ग्राहकाकडे मोबाइल नंबरचा आग्रह धरणं ही अनुचित व्यापारप्रथा आहे. तेव्हा ‘नंबर नाही देत, कागदी बिल द्या’ असं शांतपणे म्हणावं. काउंटरवरच्या मुलाचा यात दोष नसतो, त्याला वरून सांगितलेलं असतं. त्याच्यावर आवाज चढवायचं कारण नाही.

पटापट काही

१९६२ साली एमआयटीत ॲलन शेर या विद्यार्थ्याला आठवड्याला संगणकाचे चार तास मिळायचे. ते पुरेनात म्हणून त्याने सगळ्यांच्या पासवर्डची यादीच छापून घेतली. पासवर्ड वापरात येऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं.

डिसेंबर २०१२ मध्ये पोलिसांना हवे असलेले, अँटीव्हायरसवाले जॉन मॅकॅफी लपले होते. भेटायला गेलेल्या पत्रकारांनी त्यांचा फोटो प्रसिद्ध केला, आणि त्या फोटोच्या फाइलमध्येच ठिकाणाचे अक्षांश-रेखांश होते. ग्वाटेमाला! व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला की ही माहिती पुसली जाते, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला की तशीच राहते.

आपल्या नावावर किती सिमकार्डं चालू आहेत ते सरकारच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर कळतं. कायद्याने बहुतेक राज्यांत एका माणसाला नऊच ठेवता येतात. अनोळखी नंबर दिसला तर तिथूनच ‘हा माझा नाही’ असं कळवता येतं. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या नावाचंही पाहून घ्या.

पैसे घ्यायला यूपीआयचा पिन कधीच लागत नाही, तो फक्त द्यायला लागतो. एवढं एक वाक्य आईवडिलांना पाठ करून दिलं तरी पुष्कळ फसवणुका टळतील. आणि फसगत झालीच तर लाजत न बसता लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा.

१ ऑक्टोबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ऑनलाइन दुकानांना आपल्या कार्डाचा नंबर साठवून ठेवता येत नाही. त्यांच्याकडे असतं ते एक बदली टोकन.

वडिलांचा निकाल मुलाने मोडला

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे की नाही, याचं उत्तर आपल्या देशाला २४ ऑगस्ट २०१७ रोजी मिळालं. त्याआधी १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आठ न्यायमूर्तींनी आणि १९६२ मध्ये सहांनी दिलेले निकाल आडवे येत होते. आठांचा निकाल ओलांडायला नऊ जण हवेत, म्हणून नऊ बसले आणि नवांनीही एकमुखाने ‘आहे’ म्हटलं. याचिका होती कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांची. २०१२ साली ती दाखल केली तेव्हा त्यांनी वयाची ८६ वर्षं पार केली होती!

या निकालात महाराष्ट्राची माणसं ठळक आहेत. नागपूरचे न्यायमूर्ती शरद बोबडे यांनी स्वतंत्र निकालपत्र लिहिलं. मुख्य निकालपत्र होतं न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांचं. त्यांनी त्यात आणीबाणीत अटकेविरुद्ध दाद मागण्याचा नागरिकाचा हक्क नाकारणारा १९७६ चा एडीएम जबलपूर खटल्याचा निकाल गंभीर चुकांचा ठरवून रद्द केला. तो निकाल देणाऱ्या बहुमतातल्या चार न्यायमूर्तींत त्यांचे वडील यशवंत विष्णू चंद्रचूड होते. नातं बाजूला ठेवून नागरिकाच्या बाजूने उभं राहण्याची ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात यायला हवी.

कायद्यातली ‘ती’, मराठीतली सूचना आणि वारस

या निकालातूनच २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला. त्याची पहिली नवलाई म्हणजे इंग्रजी मसुद्यात व्यक्तीचा उल्लेख सरसकट ‘ती’ असा केलाय, पुरुष त्यात धरायचे. माहिती नीट न सांभाळणाऱ्या कंपनीला दंड २५० कोटी रुपयांपर्यंत. खोटी तक्रार करणाऱ्या नागरिकालाही १० हजारांपर्यंत. अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायची तर पालकांची संमती लागणार. तुमची माहिती कशासाठी हवी, हे सांगणारी सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी हव्या त्या भाषेत मागता येईल, म्हणजे मराठीतही. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले आणि मुख्य तरतुदी पाळायला कंपन्यांना दीड वर्षाची मुदत मिळाली. माहिती कशाला हवी, हे कंपनीने आपल्याला आपल्या भाषेत सांगायचं, हे मला या कायद्यातलं सर्वांत मोलाचं वाटतं. मराठीतली सूचना आपण मागत राहिलो तरच ती नीट, समजेल अशा मराठीत येईल.

आणि एक तरतूद फार थोड्यांना माहीत आहे. बँकेच्या खात्याला लावतो तसा आपल्या माहितीलाही नॉमिनी नेमता येणार आहे. आपल्यामागे, किंवा आजारपणाने आपण असमर्थ झालो तर, आपल्या माहितीचे हक्क ती व्यक्ती बजावेल. गूगलच्या खात्यात अशी सोय २०१३ पासून आहेच. खातं तीन ते अठरा महिने वापरलं गेलं नाही तर काय करायचं, कुणाला कळवायचं, फोटो कुणाकडे द्यायचे की सगळं पुसून टाकायचं, हे आधीच ठरवून ठेवता येतं. दहा माणसांपर्यंत नावं घालता येतात. सेटिंगमध्ये ‘इनअ‍ॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ म्हणून शोधा, दहा मिनिटांचं काम आहे.